तुटली, सुटली नाही

वरळीतल्या आमच्या चाळीच्या जागी टॉवर चढत होता आणि तिथली क्वालिटी इंजिनिअर मी, दर्शना. भिंतींचे जोड कच्चे राहिले तर त्याच भिंतींच्या आधारानं माझीच आई झोपणार होती.

भिंती कारखान्यातून तयार येतात. खालच्या भिंतीतून वर आलेल्या सळया वरच्या भिंतीतल्या नळ्यांत शिरतात. मग नळीत ग्राउट भरायचं, म्हणजे सिमेंटचा पातळ मसाला. त्यानं सळई पकडली की झाला जोड. सगळी इमारत त्या पकडीवर.

आणि आमच्या सुपरवायझरनं, मयूरनं, सळयांना तेल फासलं. पोरगा कोळीवाड्यातला. खाऱ्या वाऱ्यात होडीचं लोखंड असंच जपतात. त्याला वाटलं, गंज वाचवला.

मी काम थांबवलं. प्रोजेक्ट मॅनेजर उन्मेष साहेब म्हणाले, एवढ्याशा तेलानं काय होतंय, सोमवारी भिंती बसणार. एकदा बसल्या की नळीच्या आत कोण बघायला येतंय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून असं बोलणाऱ्या माणसाची मला भयंकर चीड येते. वर त्यांनी सोसायटीला सांगून टाकलं, दर्शनामुळे चाव्या लांबल्या.

चेअरमन बाबुरावांनी गेटवरच गाठलं. "गो चेडवा, आमका चावी होयी, तुझा ग्यान नको."

"ओढून बघू," मी म्हटलं. "तेलवाली सळई सुटायच्या आधी तुटली, तर मी उद्यापासून येत नाय."

दोन नमुने केले. ग्राउट एकच. एक सळई तेलाची, दुसरी मयूरनं थिनरनं पुसून तारेच्या ब्रशनं घासलेली. सोमवार तसाच गेला. ग्राउट घट्ट व्हायला वेळ लागतो, तो मी घेतला.

ओढायच्या दिवशी अर्धी चाळ जमली. सळई ओढायला जॅक लावला. तेलवाली सळई साबण लावलेल्या बोटातून अंगठी निघावी तशी अख्खी बाहेर आली. उन्मेष साहेब म्हणाले, ग्राउटच खराब असेल.

"तेच ग्राउट दुसरीतपण आहे, साहेब."

दुसरी हलेना. जॅकवरचा जोराचा काटा चढत गेला, सळई मध्येच बारीक झाली आणि सुतळी बॉम्बसारखा आवाज करत तुटली. नळीतला तुकडा जागच्या जागी.

बाबुराव वाकले, तो तुकडा दोन्ही हातांनी हलवून पाहिला. मग साहेबांकडे वळले.

"सायबानु, चावी मागसून. आधी ता त्याल पुसून काढा."

दुपारी अख्खा मजला ब्रशच्या खरखराटानं दणाणत होता. सगळ्यात पुढे मयूर. थिनरचा डबा उन्मेष साहेबांच्या हातात.