टांगलेल्या नानवरचं झाकण

मित्रांनो, एका माणसाचं सुखरूप घरी परतणं माझ्या खांद्यांवर होतं. मला खांदे नाहीत. मी एक जुनं झाकण आहे. खारवलेल्या मासळीच्या डब्याचं, परातीएवढं, मधोमध खिळ्यानं भोक पाडलेलं.

माझा जन्म कारखान्यात, यंत्राच्या एका फटक्यात झाला. माझ्याबरोबर हजारो भावंडं जन्मली. त्यांतल्या एकाचीही पुन्हा गाठ पडली नाही. पुढे मासळी संपली, डबा गंजला, आणि मी इस्फरा नावाच्या गावात मोहीशरीफआपांच्या घरी कणकेच्या पातेल्यावर बसू लागलो. "पीठ काय सुरेख फुगलंय!" असं आपा म्हणाल्या, की ते कौतुक मी आपल्याकडे घेत असे. दुसरं कुणी घेणारं नव्हतं.

मग त्यांचा एकुलता एक मुलगा दिलोवर रशियात बांधकामावर निघाला. आमच्याकडे लांब जाणारा माणूस ताज्या नानचा एक घास चावून निघतो आणि उरलेला नान घरात उंचावर टांगतात. परतल्यावर त्यानंच तो संपवायचा. नानला काही झालं तर माणसालाही होतं, हे सगळे मानतात. बोलत कुणी नाही. आपांनी नान पाहुण्यांच्या खोलीत, रजयांच्या ढिगावरच्या खिळ्याला टांगला.

हिवाळ्यात एका सकाळी नानची दुसरी कडाही कुरतडलेली दिसली. आपा ओरडल्या. शेजारची झेबुनिसो धावत आली.

"उंदराचं पिल्लू होतं गं," आपा म्हणाल्या. "एवढंसं. मी पाहिलं त्याला."

"डोकं कसं होतं?"

"मोठं. पायही मोठे. धाकट्यानं थोरल्याचे बूट घालावेत तसे."

"मग तो घरातला चिमुकला उंदीर नव्हे, आपा. रानातल्या मोठ्या उंदराचं पोर आहे." झेबुनिसोनं रजयांमागून लेंड्या काढून दाखवल्या. "ही बघा, मनुक्याएवढी. चिमुकल्याची जिऱ्याएवढी असते. आणि पोर इथं आहे, म्हणजे त्याची आईही इथंच आहे."

"आई पोरापाशीच असणार," आपा म्हणाल्या. मग त्या भिंती चाचपू लागल्या.

"पण येतात कुठून मेले?"

झेबुनिसोनं छताजवळच्या मातीच्या भिंतीतल्या भेगेकडे बोट केलं. खाली पडलेला नानचा तुकडा आपा उचलत, कपाळाला लावत आणि पाखरांसाठी त्या भेगेत ठेवत. भेग आरपार होती.

"येतात कुठून म्हणे! तुम्हीच रोज ताट वाढताय."

"मग नान पायदळी टाकू? तूच सांग, पाप कुणाच्या डोक्यावर?"

"जर्दाळूच्या झाडावर ठेवा ना! पाखरं तिथं राहतात, आपा. तुमच्या भिंतीत नाही."

तुकड्यांची वाटी झाडावर गेली. भेगेत आपांनी आधी चिंध्या कोंबल्या. उंदरांनी त्यांचं अंथरूण केलं. मग फुटकी काच मातीत कालवून भेग बुजवली. अंगठा शिरेल अशा प्रत्येक भोकाला तारेची जाळी ठोकली, दाराखाली पत्रा लावला, रजया भिंतीपासून दूर सरकवल्या. आणि नान छताच्या तुळईला दोरीनं टांगून वर मला ओवलं. दोरीवरून कुणी उतरलंच, तर माझ्यावरून घसरून पडावं म्हणून.

तिथं मी तीन हिवाळे लटकलो. त्या खोलीत कुणी येत नसे. पाहुण्यांची खोली आणि पाहुणे नाहीत. आपा रोज येत, नानवरची धूळ फुंकरत. माझ्यावर बोटभर साचली होती. नानकडे बघत त्या फोनवर म्हणत, "सगळं ठीक आहे रे बाळा. नान ठीक आहे." माझी चौकशी तिकडूनही झाली नाही. छतात खुडबुड झाली, की मी पत्रा ताठ करून वाट पाहत असे. ती नेहमी वाऱ्याची निघे.

नवरोजला दिलोवर आला. नान उंबऱ्यावर आपटून फोडावा लागला. त्यानं कुरतडलेली बाजू काढून टाकली, बाकीचा चहात बुडवून चावला आणि म्हणाला, "आई, दात पडला असता!" आपा हसल्या, मग रडल्या. झेबुनिसो म्हणाली, "बघा, कसा राखला नान!" कुणी राखला, हे तिनं सांगितलं नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती. भोकं उंदीर दिसण्याआधी बुजवा; चिंध्यांनी नव्हे. लेंड्या नीट बघा. पिल्लू दिसलं तर पाय बघा. आणि जे झाकण वर टांगाल, ते अधूनमधून पुसा.

सण संपल्यावर दिलोवर परत गेला. विमान पहाटेचं होतं; गडबडीत नान चावायचा राहून गेला.