आठच्या जागी बारा

गप्प बसण्यात धाकट्या जावयाचा फायदाच फायदा होता. सासऱ्यांच्या घरामागची खोली, तिच्यातलं जाड फळ्यांचं टेबल, टेबलाला बसवलेला, वस्तू घट्ट पकडून ठेवणारा व्हाइस, मोठी खिडकी आणि मुख्य म्हणजे आतून लागणारी कडी. दोन खोल्यांत बायको, दोन मुली आणि त्यांच्या कीबोर्डच्या रियाजासोबत राहणाऱ्या माणसाला त्या कडीची किंमत वेगळी सांगायला नको. आणि हे सगळं पदरात पडायला करायचं काय, तर काहीच नाही. थोरला साडू जे करत होता, ते त्याला करू द्यायचं.

खोलीची भानगड अशी. सासरे निवृत्त क्रेन-ऑपरेटर. आयुष्यभर लोखंडी खोकी उचलली आणि घरी बसल्यावर रिमोटवर चालणारा ट्रक घेतला. हातभर लांबीचा, जाड चाकांचा, दगडांवरून चढणारा. नातवंडांना त्याला बोट लावायची परवानगी नव्हती. पण वर्षभरापासून त्यांचे हात थरथरायला लागले. रिमोटच्या दांड्या अजून जमत होत्या, तिथे जुनी सवय कामाला यायची. पण स्क्रूच्या डोक्यातल्या बारक्या षटकोनी खाचेत ॲलन की काही जाईना. की खाचेभोवती नाचायची, सासरे करवादायचे, सासूबाई “द्या इकडे” म्हणत पुढे व्हायच्या आणि उरलेलं करवादणं त्यांच्या वाट्याला यायचं. अखेर एका जेवणाला दोन्ही जावई बसलेले बघून सासऱ्यांनी जाहीर केलं, “जो ही गाडी धड चालती ठेवील, त्याला मागची खोली. येत्या रविवारी मैदानावरचा मोठा चढ चढवून दाखवा, चावी तिथेच देतो.”

थोरला टाइल्सच्या शोरूमचा मॅनेजर. जगातली प्रत्येक वस्तू एका मापाची असावी, म्हणजे रचायला बरी पडते, असं त्याचं ठाम मत. धाकटा विमा कंपनीचा सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्यांभोवती फिरून नुकसान किती झालं ते लिहायचं, हे त्याचं काम. म्हणजे दुसऱ्याचं वाटोळं शांतपणे बघत उभं राहण्याचा त्याला पगार मिळत होता.

पहिला मान वयाने थोरल्याचा. तो लाल मुठींचा, मखमली पेटीतला ॲलन कींचा सेट घेऊन आला. “इम्पोर्टेड आहे, बाबा,” असं म्हणत त्याने एक की पहिल्याच स्क्रूत घातली आणि जोर लावला. करकर आवाज आला. की फिरली, स्क्रू जागचा हलला नाही.

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवून खाच बघितली. षटकोन जाऊन आत छान गोल वाटी झाली होती.

“जावईबापू, तुमचा सेट इंचातला. माझी गाडी मिलिमीटरची.”

“फरक अगदी किंचित असेल हो.”

“किंचितच आहे. जास्त असता तर की आत नुसतीच फिरली असती आणि माझा स्क्रू वाचला असता.”

सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला. थोरल्याचे कान तापले. त्याने तिथल्या तिथे ठरवलं की एक स्क्रू बदलून ही नामुष्की पुसली जायची नाही, सगळेच बदलायचे.

दुसऱ्या दिवशी सासूबाई सासऱ्यांना हात दाखवायला डॉक्टरकडे घेऊन गेल्या, आणि मागच्या खोलीत दोघे साडूच उरले. धाकटा “मदतीला” आला होता. थोरल्याने कालचा गोल झालेला स्क्रू पक्कडीने पिरगाळून काढला आणि गाडी खोलायला घेतली. या खेळातली माणसं काढलेला स्क्रू थर्माकोलच्या तुकड्यात टोचून ठेवतात. गाडीत तो जिथे होता तिथेच तुकड्यातही, म्हणजे कुठला आखूड आणि कुठला लांब याचा घोळ होत नाही. सासऱ्यांचा तसा तुकडा टेबलावर होताच. थोरल्याने तो उचलून खिडकीत ठेवला आणि काढलेले सगळे स्क्रू एका वाटीत ओतले.

“हे टोचत बसायला मी काय शिवणकाम करतोय?” तो म्हणाला आणि खिशातून नवं पाकीट काढलं. “हे बघ. सगळे एका मापाचे. तीन मिलिमीटर जाड, बारा लांब. आता बाबांना विचार करायलाच नको, कुठलाही उचला आणि लावा. साधी गोष्ट आहे, पण सुचावी लागते.”

धाकट्याने पाकीट हातात घेतलं, वाचलं, परत दिलं. मोटार जिथे पत्र्याला बसते तिथे आठचा स्क्रू लागतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. बाराचा घातला तर टोक मोटारीच्या पोटात, तांब्याच्या तारांपर्यंत पोचतं. लग्नाआधी त्याने स्वतः अशीच एक मोटार जाळली होती आणि ते घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

“नामी कल्पना, साडूभाऊ,” तो म्हणाला.

बाकी जागी बाराचा कसाबसा खपून गेला. मोटारीशी आल्यावर मात्र स्क्रू डोकं टेकायच्या आधीच अडला. या वेळी की मिलिमीटरचीच होती, अडीचची, चोख बसलेली. दोष कीला देता येत नव्हता.

“अडतोय रे.”

“नवे आटे आहेत, अडणारच.” धाकट्याने मोबाइलचा उजेड आणखी जवळ धरला. “अजून थोडं आवळा. चढावर सैल पडला तर बाबा ऐकवतील.”

थोरल्याने दात आवळले, मग स्क्रू आवळला. आत काहीतरी चुरचुरलं. “बसला!” तो म्हणाला.

“कसा मस्त बसला,” धाकटा म्हणाला.

रविवारी सगळं कुटुंब मैदानावर. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. रिमोट हातात आल्यावर त्यांची बोटं स्थिर झाली. ट्रक सपाटीवरून निघाला, पहिला दगड चढला, दुसरा चढला. “चल, बाळा,” ते पुटपुटले. आपल्या मुलींशी ते इतक्या मायेने कधी बोलले नव्हते, असं दोन्ही मुलींच्या तोंडावर दिसत होतं. चढाच्या मध्यावर गाडी आचके द्यायला लागली. मग जळका वास आला, पोटाखालून करड्या धुराची रेघ निघाली, आणि ट्रक उलटा घरंगळत खाली येऊन कुशीवर पडला.

“मोटारच जुनी होती,” थोरला कोणी विचारायच्या आत म्हणाला.

सासऱ्यांचे रिमोट धरलेले हात पुन्हा थरथरत होते.

इथे धाकट्याने नुसतं उभं राहायचं होतं. थोरला आपल्या कर्माने बाद झालाच होता, चावी आपोआप त्याच्याकडे आली असती. पण सर्व्हेअरची सवय. नुकसान दिसलं की अहवाल द्यायलाच हवा. तो गुडघ्यावर बसला, गाडी उलटी केली, मोटारीच्या स्क्रूवर बोट ठेवलं आणि घसा खाकरला.

“बाबा, इथे आठचा लागतो. हा बाराचा आहे. चार मिलिमीटर जास्त आत गेला, तारा सोलल्या, मोटार खलास. साधी गोष्ट आहे, पण कळावी लागते.”

“बाराचा आहे?” सासरे म्हणाले.

“बाराचाच.”

“जावईबापू, बसवलेल्या स्क्रूचं फक्त डोकं दिसतं. लांबी आत असते. तुम्ही तर तो अजून काढलाही नाही.”

धाकट्याचं बोट तसंच स्क्रूवर राहिलं.

“अंदाज हो, बाबा. अनुभवाने...”

“कसला अंदाज!” थोरला उसळला. “पाकीट वाचलंस की तू काल! वर उजेड धरून मलाच म्हणालास, अजून आवळा!”

धाकट्याच्या बायकोने नवऱ्याकडे बघितलं. “अहो, तुम्हाला माहीत होतं?”

“मला वाटलं, यांनी काही विचार केला असेल...”

“यांनी?” थोरल्याची बायको हसलीच. “यांनी?”

सासऱ्यांनी खिशातून चावी काढली आणि थोरल्याच्या हातावर ठेवली. “तुम्हाला काही कळत नाही, जावईबापू. दर रविवारी या, मी शेजारी बसून सांगत जाईन. आणि तुम्ही,” ते धाकट्याकडे वळले, “तुम्हाला सगळं कळतं. तुम्हाला माझी गरज नाही.”

तेव्हापासूनचा हिशेब असा. नवी मोटार धाकट्याने आणली, बायकोने त्याला दुकानापर्यंत सोबत केली आणि पैसे देईपर्यंत मागे उभी राहिली. वर तिने बहिणीची माफी मागितली, ती वेगळी. सासऱ्यांनी सगळे रविवार भरले. आठ आणि बारामधला फरक ते दर आठवड्याला नव्याने समजावतात, आणि दर आठवड्याला त्यांना विचारलं जातं की मग सगळेच आठचे का घेऊ नयेत. थोरल्याचं काही गेलं नाही. मोटार जुनी होती, असं तो आजही म्हणतो.