वाफ धरणारा हिरा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर हिरेबाबा, आणि समोर घरातले हिरे पुडीत बांधून आणलेल्या माणसांची लांबलचक रांग. बाबा हिऱ्यावर तोंडाची वाफ सोडत. वाफ टिकली, की खडा बाधित. बाधित खडे बाबांकडेच राहत, हे ओघानं आलंच.

रांगेत माझी वहिनीही होती. दादाच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी तिच्या आजीचा हिरा विकायचं ठरलं होतं. पण दादा आजारी पडला तो या हिऱ्यामुळेच, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं. मी अठरा वर्षं हिऱ्यांची पारख करते. पण घरच्यांना आपली अक्कल कधी पटते का!

बाबांनी पुडी उघडली, खडा रेशमी रुमालानं पुसला आणि "हाऽऽ" केलं. खडा पांढरट झाला तो तसाच राहिला.

"माई, नवऱ्याचे श्वास पितोय हा! सोडा याला."

वहिनी रडायलाच लागली. माझं डोकं सणकलं. मी तडक मंचावर चढले.

"बाबा, तुमच्या अंगठीतल्या हिऱ्यावर करा बरं हाऽ."

"आमचा हिरा सिद्ध आहे!"

मीच त्यांचा हात ओढून वाफ सोडली. पापणी लवायच्या आत ती उडाली. मग मी चष्मा काढून त्यावर सोडली. काच धुरकटलेलीच राहिली.

"माझा चष्माही बाधित का हो? वहिनी, खरा हिरा उष्णता झटकन पसरवतो, वाफ टिकूच देत नाही. टिकते ती काचेवर. तुझा हिरा यांनी पुसताना बदललाय."

"रुमालाला हात लावलास तर भस्म होशील!"

"बघू तरी," म्हणत मी रुमाल झटकला. आतल्या चोरकप्प्यातून सात-आठ खडे टपटप पडले. लोक मंचाकडे धावले, बाबा मागच्या दाराकडे. तिथं रांगेतल्या चौघीजणी आधीच वाट अडवून उभ्या होत्या.

वहिनीचा हिरा मी पूर्वी तपासला होता, भिंगातून तो लगेच ओळखला. कडेला पिसासारखी बारीक चीर, रंगात किंचित पिवळी झाक, वजन अर्धा कॅरेट, पैलू मात्र सुरेख. हिऱ्याचा भाव ठरतो तो एवढ्यावरच.

"मग ह्यांच्या आजाराचं काय?" वहिनीनं विचारलं.

"हृदयाची झडप खराब आहे, वहिनी. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलंय."

तिनं डोळे पुसले आणि पुडी घट्ट मुठीत धरली. "चल, आधी ऑपरेशनची तारीख घेऊन येऊ."

चमत्कार दिसला तर जरूर बघा. फक्त तो आपल्या हातानं पुन्हा एकदा करून बघा. खरा असेल, तर कुणाचं काय बिघडणार आहे?