शब्दांच्या कप्प्यातली सहावी

मी थर्माकोलचा मेंदू बोलतोय. गळ्याशपथ सांगतो, पुढचं अक्षरन्‌अक्षर खरं आहे. आता मला गळा नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. तेव्हा शपथ जरा सैल धरा.

माझा जन्म अठ्ठ्याण्णव सालचा, हैदराबादचा. जामबागेजवळच्या एका मराठी शाळेत मेधाबाई चौथीला शिकवायच्या. घरोघरी केबल आली होती, गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. आईबाप म्हणायचे, "मराठी ठीक आहे हो, पण इंग्रजीचं काय?" म्हणून शाळेनं पुढच्या वर्षी पाचवीची एक तुकडी दोन्ही भाषांत चालवायचं ठरवलं. मेधाबाई मेंदूविज्ञानाचं तीन दिवसांचं शिबिर करून आल्या आणि येताना नारायणगुड्यातून थर्माकोल घेऊन आल्या. मला कापलं, गुलाबी रंग दिला, अंगावर आठ बुद्धींचे आठ कागदी कप्पे चिकटवले. शब्द, गणित, संगीत, शरीर आणि आणखी चार.

वर्गात मुलं चाळीस. आठ पंचे चाळीस! बाईंनी ठरवलं, प्रत्येक कप्प्यात पाच मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या. शिबिरात असं कुणीच सांगितलं नव्हतं. पण जन्मभर प्रार्थनेच्या रांगा सारख्या लावणाऱ्या बाईंना मेंदूही सारखाच लागला. आणि नव्या तुकडीत जागा फक्त 'शब्द' आणि 'गणित'वाल्यांना.

भामा शब्दांत सहावी निघाली. भाजीवालीशी तेलुगूत घासाघीस, ऑटोवाल्याशी हैदराबादीत भांडण, घरी मराठीत कटकट, अशी ही पोर. 'शरीर'मध्ये चारच होते. बाईंनी तिची चिठ्ठी काढून तिकडे सरकवली.

तेव्हा मी ओरडलो. असा ओरडलो की खडूचा डबा पालथा झाला, छपरावरची कबुतरं उडून थेट मुसी नदीपार गेली. "बाई, चुकताय!" बाई वर बघून म्हणाल्या, "हा पंखा फारच कुरकुरतो बाई."

दुसऱ्या दिवसापासून शब्दवाले वर्गात इंग्रजी-मराठी संवाद करू लागले आणि शरीरवाले मैदानात उड्या मारू लागले. एकदा बाईंनी विचारलं, "भोपळ्याला इंग्रजीत काय म्हणतात?" पाचही जण छताकडे बघू लागले.

खिडकीतून आवाज आला, "पम्पकिन! तेलुगूत गुम्मडिकाय, आमच्या गल्लीत कद्दू!"

"भामा, तुझ्या उड्या झाल्या का?"

"उड्या मारतामारताच बोलले की, बाई."

वर्ग फिस्सकन हसला. बाईंनी खिडकी लावून घेतली.

महिन्याभरानं भामाचे वडील आले. किशोरराव, रेल्वेत कारकून, तारनाक्याला घर. "बाई, पोरगी घरात बोलेनाशी झालीय. परवा ऑटोवाल्यानं विचारलं, बिटियाको क्या हुआ? तर ही म्हणते, मी शब्दांतली नाही. दोन भाषांच्या वर्गात घ्या हो तिला."

"अहो भामाचे बाबा, मी कोण ठरवणार? शास्त्र सांगतंय," बाई म्हणाल्या आणि बोट माझ्याकडे केलं.

शास्त्र म्हणजे मी. दीड इंच जाडीचा.

किशोररावांनी मला खालीवर न्याहाळलं. शिकल्यासवरल्या माणसांपुढे मान झुकवावी तशी मान झुकवली आणि गेले. जूनमध्ये भामा नुसत्या मराठीच्या दुसऱ्या तुकडीत बसली. तिथं कुणी प्रश्न विचारला की ती उभी राहायची आणि नुसते खांदे उडवायची.

आता मी कपाटावर पडून असतो. रंग उडालाय, 'गणित' उंदरांनी नेलं. माझ्यासारखा एखादा तुमच्या शाळेत टांगलेला दिसला, तर माझं एवढं ऐका: आपल्या लेकराची चिठ्ठी काढून खिशात घाला आणि त्याच्याशी बोलत बोलत घरी जा.

आणि हो, तेवढं ओरडणं मी रचलं. कबुतरं खोटी, खडूचा डबा खोटा, कुरकुरणारा पंखाही खोटा. मी गप्प होतो. भामाची चिठ्ठी सरकली, तसे आठही कप्पे पाच-पाच झाले, आणि मला वाटलं, काय देखणा दिसतोय मी.