एक इंच तिरके

मी एक जुने टेबल आहे. मित्रांनो, टेबल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर अभ्यासाचे किंवा जेवणाचे टेबल आले असेल. मी तसे नाही. मी नाटकातले टेबल आहे. माझ्यावर आजवर कोणी पोटभर जेवलेले नाही, आणि माझ्यावर वाचली गेलेली महत्त्वाची पत्रे बहुतेक कोरीच होती. तरीही माझ्याजवळ बसून माणसे खरीखुरी रडली आहेत, ते मी पाहिले आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझे मागचे दोन पाय पुढच्या पायांपेक्षा एक इंच आखूड आहेत. हसू नका. ते मुद्दाम तसे केले आहेत.

आमच्या थिएटरचा रंगमंच उतरता होता. मागे पडद्याकडे उंच, पुढे प्रेक्षकांकडे खाली. फुटामागे अर्धा इंच उतार. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही नटाचे पाय दिसावेत म्हणून कोण्या शहाण्याने तो तसा बांधला होता. मला घडवणारे थोरले मिस्त्री म्हणजे नाटक मंडळीचे सुतार. त्यांनी मला दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चारही बाजूंनी अगदी सारखे बनवले, रंगमंचावर ठेवले आणि माझ्या पाठीवर एक गोटी ठेवली. गोटी धावत सुटली ती थेट पहिल्या रांगेत. मिस्त्रींनी मला उलटे केले आणि मागच्या दोन पायांचा एकेक इंच कापला. पुन्हा गोटी ठेवली. ती जागची हलली नाही.

नाचता येईना अंगण वाकडे, असे तुम्ही म्हणता ना? आमचे अंगण खरोखरच वाकडे होते, आणि त्यावर माणसे झकास नाचत.

चाळीस वर्षे मी त्या उतारावर काम केले. कधी न्यायाधीशाचे टेबल झाले, कधी खानावळीचे, कधी डॉक्टरांचे. सर्वांत जास्त वेळा मी एका बाईचे टेबल झाले. तिला सगळी मंडळी मावशी म्हणतात. ती माझ्यासमोर पहिल्यांदा आली तेव्हा दोन वेण्या घालणारी पोर होती. आता तिचे केस पांढरे झाले आहेत. ती रंगमंचावर नेहमी अनवाणी चालते. तिला खाली पाहावे लागत नसे. पायाला उतार लागला की लोक समोर, चढ लागला की पडदा समोर. रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीलगत पायदिव्यांची रांग होती. त्यांची ऊब नडगीला लागली की मावशी थांबायची. हा सगळा हिशेब तिच्या तळपायांत होता, आणि तो कुणाला सांगायची तिला कधी गरज पडली नव्हती.

मग छत गळू लागले, खुर्च्यांच्या गाद्या फाटल्या, आणि मंडळींनी थिएटर नव्याने बांधायला काढले. दोन वर्षे मी गोदामात पडून होते. माझ्या पाठीवर रंगाचे डबे रचले होते. एका डब्याने माझ्यावर निळे गोल वळे सोडले, ते अजून आहे. कोणी विचारपूस केली नाही. खरे सांगते, मला वाटले आपले संपले.

पण एके दिवशी मला उचलले. नव्या हंगामात चार नाटके होणार होती, आणि पहिल्याच नाटकात मला काम होते. जाड, गुळगुळीत कागदाची पत्रिका छापली होती, तिच्या पहिल्या पानावर मावशीचा फोटो होता. मी मोठ्या ऐटीत आत आले. आत नव्या लाल खुर्च्या, भिंतींना नव्या रंगाचा वास. मला रंगमंचावर ठेवले आणि माझी ऐट तिथेच संपली.

जमीन सपाट होती. डोळ्यांत भरेल इतकी सपाट. आणि मी तिच्यावर वाकडे उभे होते. माझी पुढची बाजू वर, मागची खाली.

नाटक सोपे होते. एक आई टेबलाशी बसून शिवते आहे. बऱ्याच वर्षांनी मुलगी भेटायला येते. मुलीचे काम दिग्दर्शकाची लेक करत होती. तिला सगळे धाकटी म्हणतात. शेवटच्या प्रवेशात मुलगी आईला कवेत घेऊन दोनदा गरागरा फिरवते आणि निघून जाते. आई माझ्यावरचा दिवा मालवते. मिट्ट काळोख. दिवेवाला मनात आठ आकडे मोजतो. तेवढ्यात आईने तीन पावले लोकांकडे यायचे. आठव्या आकड्याला तिच्या चेहऱ्यावर उजेड पडतो, आणि ती शेवटचे वाक्य बोलते. चौथ्या पावलाला रंगमंचाची कड. कडेखाली चार फुटांवर सिमेंटची जमीन. पायदिवे आता काढून टाकले होते.

तालमीत मावशी मागच्या बाजूला बसायची. तिने दोऱ्याचे रीळ माझ्यावर ठेवले की ते घरंगळत तिच्या मांडीवर येऊन पडायचे. ओळखीच्या चार लोकांना बोलावून एक प्रयोग करून पाहिला, तेव्हा ऐन दुःखाच्या वाक्याला रीळ पडले आणि लोक हसले. दिग्दर्शक वैतागला. "मिस्त्री, ते लंगडं टेबल सरळ करा," तो म्हणाला.

हे मिस्त्री म्हणजे थोरल्यांचा मुलगा, आता तोही साठीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला उलटे केले, पुढच्या पायांवर पेन्सिलने खुणा केल्या आणि करवत काढली. तेवढ्यात मावशी आली. भिंतीला हात लावत आली.

"मिस्त्री, कापू नका."

"बाई, अहो एक इंच तर कापायचाय. वरून रंग दिला की कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल." ती माझ्याजवळ खाली बसली. "मला दिसत नाही, मिस्त्री. समोर सगळं धुकं आहे. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं टिकलं तरी खूप. वरून दिवे पडले की तेवढंही दिसत नाही."

मिस्त्रीने करवत खाली ठेवली. "आणि एवढ्या तालमी केल्यात त्या?"

"संवाद बहीण वाचून दाखवते. बाकी या टेबलावर निभावतेय. ती पोर मला फिरवते तेव्हा मी कुठल्या कुठे तोंड करून उभी राहते. चारही बाजू सारख्या. मग मी टेबलावर हात फिरवते. ज्या बाजूला चढ, त्या बाजूला लोक. अंगण सरळ झालं हो, आणि मला नाचता येईनासं झालं."

"दिग्दर्शकांना सांगा, बाई."

"हे काम झालं की सांगेन. आज सांगितलं तर उद्या दुसरी आई उभी राहील."

मिस्त्रीने करवत पिशवीत टाकली. मग त्याने मला सुलटे केले आणि सगळ्यांना सांगितले की लाकूड जुने आहे, कापले तर चिरेल. मित्रांनो, ते साफ खोटे होते. माझे लाकूड आजही ठणठणीत आहे. पण त्या दिवशी मला बोलता आले असते तरी मी गप्पच बसले असते.

पहिल्या प्रयोगाची संध्याकाळ आली. थिएटर खचाखच भरले. पडदा उघडायला थोडा वेळ होता, तेव्हा धाकटी माझ्याजवळ आली. तिच्या हातात हंगामाच्या चार पत्रिका होत्या. तिने घडीवर घडी घातली, मागच्या दोन्ही पायांखाली त्या दडपल्या, रीळ ठेवून पाहिले. रीळ हलले नाही. "आता बघू कोण हसतंय माझ्या मावशीला," ती पुटपुटली आणि पळाली. पोरीच्या मनात माया होती. पण मला वाटले, कोणीतरी माझी जीभच कापून नेली.

पडदा उघडला. मावशी येऊन बसली. तिने सवयीने रीळ ठेवले आणि मांडी पुढे केली. रीळ आले नाही. तिने बोटाने चाचपले. रीळ ठेवले तिथेच होते. तिचा तळहात माझ्यावर पसरला आणि गार पडला. पण संवाद सुरू झाला होता. आता उठून जाता येत नव्हते.

विंगेत पडद्याच्या दोरीशी मिस्त्री उभा होता. सुताराचीच नजर ती. न हललेले रीळ त्याने पाहिले, मग माझे पाय पाहिले. त्याने दोरी दोन्ही हातांनी धरली. पडदा पाडावा, तर नव्या थिएटरचा पहिलाच प्रयोग बुडणार आणि मावशीचे गुपित चव्हाट्यावर येणार. न पाडावा, तर चार फूट खाली सिमेंट.

शेवटचा प्रवेश आला. धाकटीने मावशीला कवेत घेतले आणि फिरवले. एकदा. दोनदा. ती रडत निघून गेली. मावशीचा हात हवेत फिरला, माझी कड सापडली. तिने दिवा मालवला.

एक. तिने माझ्यावर हात फिरवला. सपाट. दोन. पुन्हा आडवा फिरवला. सपाट. ती एका बाजूला वळली, अर्धे पाऊल टाकले. ती बाजू लोकांची होती की पडद्याची, हे तिला कळायला मार्ग नव्हता. तिथे ती थबकली आणि माझी कड तिने पुन्हा घट्ट धरली. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

तीन. तिचा अनवाणी पाय माझ्या एका पायाशी आला. अंगठ्याने तिने खाली चाचपले. लाकूड, आणि लगेच जमीन. मला तिचे काही कळेना. ती माझ्या कडेकडेने सरकली आणि दुसऱ्या पायाशी अंगठा नेला. चार. लाकूड, आणि खाली कागद. घडी घातलेला, जाड, गुळगुळीत कागद.

तेव्हा माझ्या लक्षात आले की ही बाई काय शोधत होती. तिरके टेबल कोणी सरळ केले असेल, तर त्याने आखूड पायांखालीच काहीतरी ठेवले असणार. आणि आखूड पाय माझे मागचे. कागदाकडून लाकडाकडे तोंड केले की समोर लोक.

पाच. सहा. ती कागदाकडून लाकडाकडे वळली. सात. एक पाऊल. आठ. दुसरे पाऊल, आणि उजेड पडला. तिसरे पाऊल तिने उजेडात टाकले, अगदी सावकाश, पाण्यात उतरावे तसे. मग तिने शेवटचे वाक्य म्हटले. ते तिने इतके हळू पूर्वी कधी म्हटले नव्हते. लोक टाळी वाजवायचीच विसरले. मग मात्र टाळ्या थांबेनात.

विंगेत मिस्त्रीने पडदा पाडला आणि दोरी सोडली. त्याच्या तळहातांवर दोरीचे वळ उठले होते.

पडदा पडल्यावर धाकटी धावत आली. "मावशी, आज रीळ पडलं नाही ना? मीच पत्रिका लावल्या पायांखाली."

मावशीने तिचा गाल चाचपला. तिला गप्प बसता आले असते. सगळे कौतुकच करत होते. पण तिने दिग्दर्शकाला हाक मारली आणि सगळ्यांसमोर सगळे सांगितले. धाकटी खाली बसली आणि त्या पत्रिका ओढून काढू लागली.

"मावशी, तुम्ही खाली पडला असता," दिग्दर्शक म्हणाला. "आणि मिस्त्री, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होतं," मिस्त्री म्हणाला.

"चूक माझी आहे," मावशी म्हणाली. "त्यांच्यावर रागावू नकोस. पोरीवर तर मुळीच नको. आता तुला जे योग्य वाटेल ते कर. मी काही बोलणार नाही."

दिग्दर्शक निघून गेला. मावशी माझ्याजवळ बसून राहिली. चाळीस वर्षांत तिला असे हात बांधून बसलेले मी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रीने कोणाला न विचारता त्या देखण्या नव्या जमिनीवर लाकडाची एक बारीक पट्टी ठोकली, कडेच्या एक पाऊल अलीकडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दिग्दर्शक आला. त्याने पट्टी पाहिली. त्याने बूट काढले, डोळे मिटले आणि माझ्यापासून कडेकडे चालू लागला. तिसऱ्या पावलाला अंगठा पट्टीला लागला आणि तो थांबला. परत येऊन तो पुन्हा चालला. असे तो पाच वेळा चालला.

"हा हंगाम मावशीच करतील," तो म्हणाला. "पुढचं पुढे पाहू. आणि टेबल आता कापा."

"हंगाम संपू दे," मागून मावशीचा आवाज आला. "मग कापा. तोवर ते मला सांगतं आणि मी ऐकते."

म्हणून मी अजून तिरके आहे. रीळ आता मुद्दाम घरंगळते. मुलगी ते आईकडे सोडते, ते आईच्या मांडीवर जाते, आणि कोणी हसत नाही.

मित्रांनो, एक मागणे आहे. एखादी वस्तू वाकडी दिसली की तुमचे हात ती सरळ करायला शिवशिवतात. सरळ जरूर करा. पण आधी एवढे विचारा, की ही वाकडी कोणी केली, आणि तिच्या आधाराने कोण उभे आहे. माणसांच्या बाबतीतही हेच विचारलेत तर फारच बरे.

माझ्या पुढच्या दोन्ही पायांवर मिस्त्रीच्या पेन्सिलीच्या रेघा अजून आहेत. हंगामाचे थोडेच प्रयोग उरले आहेत. पुढे कधी तुम्ही आमच्या थिएटरात आलात आणि मी तुम्हाला अगदी ताठ, सरळ उभे दिसले, तर माझे कौतुक करू नका. मावशी आता येत नाही, असे समजा.