मुकादमाने गप्प केलेला प्रोग्रॅम

मी एक जुना, छोटासा प्रोग्रॅम आहे, मित्रांनो. मला चित्रं नाहीत की बटणं नाहीत; काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांत माझा सगळा संसार. जळगावच्या ज्योत्स्नाताईंसाठी त्यांच्या भाच्याने, धुळ्याच्या भूपेंद्रने, मला लिहिलं. काम एकच: ताईंनी मोबाइलवर टिपलेली गाणी उचलायची आणि कॉम्प्युटरमध्ये नीट ठेवायची.

ती गाणी भडगावच्या भागाबाईंची, म्हणजे ताईंच्या मावशीची. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते तेव्हा म्हणायची. बाकीची गाणी इतर बायकांनाही येत, पण देवीच्या निरोपाचं लांबलचक गाणं एकट्या भागाबाईंनाच पुरतं येत होतं. सगळ्या गाण्यांची यादी ताईंनी मला देऊन ठेवली होती.

तेव्हा मी भारी बडबड्या होतो! 'उचललं', 'ठेवलं', 'आज तीन झाली'. ताई चहा पिता पिता माझी प्रत्येक ओळ वाचत.

पुढे भूपेंद्रने आणखी तीन प्रोग्रॅम लिहिले आणि आम्हां चौघांना कामाला लावणारा पाचवा, मुकादम. सगळ्यांची बडबड एकदम सुरू झाली. ताई वैतागल्या.

"भूपेंद्र, बठ्ठा एकदमच बोलतस. माले काही समजत नही!"

भूपेंद्रने मुकादमाला 'गप्प' अशी सेटिंग दिली. त्याच्या मनात ती मुकादमापुरतीच होती. पण आमच्यात रीत अशी, की मुकादम ज्याला कामाला उठवतो त्याच्या पदरात आपली सेटिंगही टाकतो. मीही गप्प झालो.

काही दिवस काहीच बिघडलं नाही. मग घरातल्या लग्नाच्या व्हिडिओंनी कॉम्प्युटर काठोकाठ भरला, आणि नेमकं त्याच संध्याकाळी निरोपाचं गाणं आलं. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "जागा नाही! ठेवता आलं नाही!" पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही. तक्रार नाही म्हणजे ठेवलं असणार, असं ताईंना वाटलं. नेहमीप्रमाणे त्यांनी मोबाइल रिकामा केला.

दोन महिन्यांनी ताई ते गाणं ऐकायला बसल्या, तेव्हा सगळं उघडकीला आलं. भूपेंद्र मान खाली घालून म्हणाला, "आत्या, मी मुकादमालाच गप्प केलं होतं. याचीही बोलती बंद होईल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

ताई तडक भडगावला गेल्या. पण भागाबाई नुकत्याच मोठ्या आजारातून उठल्या होत्या. दोन कडवी म्हणून त्या थांबल्या.

"पोरी, पुढलं मना ध्यानमा नही राह्यनं. जितलं शे तितलं लई ले."

ती दोन कडवी मी जपून ठेवली आहेत. पण अख्खं गाणं माझ्या दारापर्यंत आलं होतं, मित्रांनो, आणि मला ते आत घेता आलं नाही. तुम्ही मोठे होऊन प्रोग्रॅम लिहाल, तेव्हा आमची बडबड खुशाल कमी करा. अडचणीत मारलेली हाक तेवढी बंद करू नका. आणि रोज बोलणारं कुणी एकाएकी गप्प झालं, तर जवळ जाऊन विचारा.

भूपेंद्रने मला दुरुस्त केलं. आता मुकादम गप्प असला तरी अडचण मी सांगतोच. रोज संध्याकाळी मी ताईंची यादी तपासतो आणि पडद्यावर एकच ओळ येते: 'निरोपाचं गाणं: मिळालं नाही.'

परवा भूपेंद्र म्हणाला, "आत्या, यादीतून ते नाव काढून टाकू का? रोज तेच तेच दिसतं."

ताईंनी हातातला कप खाली ठेवला.

"राहू दे, भाऊ. बोलू दे त्याले."