हिरूचं आवतण

सोनलच्या घरचं कपडे धुण्याचं मशीन बिघडलं म्हणून ती सासूला घेऊन उलव्यातल्या मशीनच्या लाँड्रीत आली. गणपतीला येऊन गेलेल्या पाहुण्यांच्या चादरी तुंबल्या होत्या. सोनलने फोनवरून पैसे भरले, चादरी मशीनमध्ये कोंबल्या आणि म्हणाली, "आई, तुम्ही इथंच बसा. मी भाजी घेऊन येते. कशाला हात लावू नका."

"लावला तर काय चावणार हाय ता?" कमळ म्हणाली. तोवर सोनल बाहेर पडली होती.

कमळ भिंतीकडच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आणि रिकामी पिशवी तिने शेजारच्या खुर्चीवर ठेवली. जन्मभर तिने गावच्या तळ्यावर कपडे धुतले होते. कुणाकडे पाहुणा आलाय, कोण आजारी आहे, कुणाचं सुनेशी वाजलंय, सगळं तळ्यावर कपड्यांवरून कळायचं. इथे कपडे काचेमागे फिरत होते आणि माणसं आपापल्या फोनमध्ये बघत होती. समोर बसलेला एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा तेवढा काचेकडे टीव्ही बघावा तसा बघत होता.

"माझा पायजमा सारखा वर येतोय बघा," तो कमळला म्हणाला. "घरात मला कोणी वर येऊ देत नाही. इथे निदान पायजमा तरी येतो."

कमळ पदर तोंडाला लावून हसली. मग बोलणं सुरू झालं. त्याचं नाव अब्दुस्समद. श्रीवर्धनकडचा, उमर सगळी बोटीवर गेली, आता मुलाकडे राहायला आलेला. सून बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून बापलेकांचे कपडे इथे येत होते.

तेवढ्यात एक मुलगी आत आली. जीन्स, गळ्यात कंटेनर यार्डाचं ओळखपत्र, हातात कापडी पिशवी. तिने पिशवीतून एकच साडी काढली, वास घेतला, तोंड वाकडं केलं, ती मशीनमध्ये टाकली आणि सगळ्यात कमी वेळाचं बटण दाबलं.

"एवढ्या मोठ्या मशीनला एकच साडी?" अब्दुस्समद म्हणाला. "उपाशी राहील की ते, बेटा."

"राहू दे चाचा. मी पण सकाळपासून उपाशीच आहे."

मशीन फिरू लागलं. काचेमागे फेस झाला आणि बघता बघता तो तांबडा झाला. मुलगी घाबरून उभी राहिली. "अगं बाई, हे काय? रक्तासारखं काय आलं?"

"हळद हाय ती," कमळ बसल्या जागेवरून म्हणाली. "साबण लागला का लाल होते. पाणी बदललं का परत पिवळी होईल. हळदीचं लुगडं हाय कं गो? कुणाचं?"

"आईचं. तिच्या हळदीचं. तिनं कधी धुतलंच नाही, कोणाला धुऊ पण दिलं नाही. तसंच पेटीत होतं. आता त्याला बुरशी आली." मुलगी खाली बसली. "उद्या नेसायचंय मला. अलिबागला. रजिस्टर लग्न आहे माझं."

"मुबारक!" अब्दुस्समद मोठ्याने म्हणाला. फोनवाल्या दोघांनी माना वर केल्या.

कमळ मात्र तिच्या तोंडाकडे बघत होती. हनुवटी ओळखीची वाटत होती. "कुणाची गो तू?"

"खाडीपलीकडच्या बाबाजीची. प्राप्ती."

"बाबाजीची? म्हणजे हिरूची?"

प्राप्तीचा हात ओळखपत्राच्या दोरीवर थांबला. आईचं नाव तिने कितीतरी वर्षांत दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ती नववीत असताना हिरू काविळीने गेली आणि घरात तिचं नाव घेणंच बंद झालं.

"तुम्ही आईला ओळखता?"

"हिरूच्या हळदीत मीच होते. धवलारीण मी."

"ते काय असतं?" अब्दुस्समदने विचारलं. "गाणी म्हणणारी?"

"नुसती गाणी कं? आमच्यात लग्न लावती धवलारीण. भट मागून येतो. मांडवात धवले म्हणून आधी गावच्या देवांना बोलवायचं, मग घरातून गेलेल्या माणसांना. एकेकाचं नाव घेऊन. मग नवरीला हळद लागते. आता डीजे येतो. मागच्या लग्नात पोरं मना म्हणाली, आजी, दोन मिनिटांत आटपा."

प्राप्तीने खुर्ची पुढे ओढली. "आई कशी होती हळदीत?"

"हसरी. आम्ही तिच्या आज्याला बोलवत होतो, सगळी गप्प, आनी हिचे नाकात हळद गेली. अशी शिंकली, का समोरच्या बाईचं तोंड पिवळं! मग हसू आवरंना. मी डोळे वटारले तर अजून हसली. हसत हसतच हळद लागली तिला."

प्राप्ती हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मग सगळं तिने भराभरा सांगून टाकलं. मुलगा मितेश, उरणच्या किराणा दुकानवाल्यांचा. गुजराती. त्याच्या घरचेही नाराज. बाबाजीने सांगितलं होतं, गेलीस तर माझ्या दारात मांडव पडणार नाही. ती मैत्रिणीच्या खोलीवर राहत होती. आईचं लुगडं तेवढं आणलं होतं.

"आजी," ती म्हणाली, "माझ्यासाठी एक धवला म्हणाल? आत्ता, इथं? सगळे नको. फक्त आईला बोलवा."

कमळला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "इथं?"

"हो. उद्या तिकडं सह्या होतील आणि फोटो होतील. आईचं नाव कोणी घेणार नाही."

"मांडवाबिगर धवला न्हाय म्हणत पोरी. आम्ही पाट मांडतो, पाटावर तांदूळ, दिवा. बोलावलेलं माणूस येतं, त्याला बसायला जागा लागते. इथं कुठं बसंल हिरू?"

"माझी आई कुठंही बसेल. मशीनवर बसेल."

"म्हणा ना, बाय," अब्दुस्समद म्हणाला. "दुआच आहे ती. दुआला मंडप कशाला पाहिजे?"

"तुमच्यात न्हाय लागत. आमच्यात लागतो!" कमळ एकदम चढ्या आवाजात बोलली. अब्दुस्समद पुन्हा पायजम्याकडे बघू लागला.

मशीन थांबलं. प्राप्तीने साडी बाहेर काढून पसरली. बुरशीचा वास गेला होता. पण पदराच्या काठाशी आणि निऱ्यांच्या जागी हळद राहिली होती, पिवळी, विटकी. तिने तो काठ कमळच्या पुढे धरला.

"बघा आजी. मांडव नाही, पण हळद आहे ना?"

कमळने काठाला बोट लावलं. ओठांवर पहिली ओळ आलीही होती. मग तिला बाबाजी आठवला. गावातल्या बायका आठवल्या. म्हातारी आता दुकानांतून धवले म्हणत फिरते, असं म्हणायला त्यांना कितीसा वेळ लागणार? आणि मांडवाच्या गोष्टीत नाही म्हणायची तिच्या जिभेला जुनी सवय होती.

"ही हळद तुझ्या आयशीची हाय," ती म्हणाली. "तुझी न्हाय."

प्राप्तीने साडी मागे घेतली. ड्रायरमध्ये साडी फिरत होती तेव्हा ती काचेसमोर उभी राहिली, कमळकडे पाठ करून. साडी वाळली तशी तिने घडी घातली, हळदीचा काठ आत जाईल अशी. जाताना मात्र ती कमळच्या पाया पडली. कमळने तिच्या डोक्यावर हात ठेवला. सुखी राहा, एवढं तरी म्हणायला हवं होतं. ते सुचेपर्यंत मुलगी दारातून बाहेर गेली होती. रस्त्यावर स्कूटरवर एक मुलगा वाट बघत होता. ती मागे बसली आणि स्कूटर ट्रेलरांच्या रांगेमागे दिसेनाशी झाली.

"गेली," अब्दुस्समद म्हणाला.

कमळच्या चादरी फिरतच होत्या. ती त्यांच्याकडे बघत राहिली. हिरूची तेवढी एकच लेक. हिला हळद लागणार नाही, म्हणजे हिरूला आता कुठल्याच मांडवातून बोलावणं येणार नाही. आणि बोलावणारी तरी आता कोण उरली होती? आपल्यामागे धवले कोणी शिकलं नाही. आपण गेलो की आज्या-पणज्यांना हाक मारायची वाटच बंद. एक पोर आपल्या पायाने चालत आली, धवला म्हणा म्हणाली, आणि आपण तिला पाट विचारला.

तिने आधी नुसते ओठ हलवले. मग आवाज आला. जुना होता, वरच्या पट्टीत फाटत होता. मशीनच्या घरघरीत ती म्हणू लागली:

"पयलं आवतन गो, गावच्या देवाला,
दुसरं आवतन गो, वेशीच्या राख्याला,
तिसरं आवतन गो, हिरू माय तुला,
लेक तुझी बसली, ये गो हळदीला..."

फोनवाल्यांनी फोन खाली केले. अब्दुस्समदने हात मांडीवर ठेवले आणि मान खाली घातली.

पुढची ओळ नवरीची होती. त्या ओळीत नवरीच्या कपाळाला बोट लावतात. कमळचा हात उठला आणि तिथेच थांबला. समोरची खुर्ची प्राप्तीने पुढे ओढलेली होती, तशीच रिकामी होती.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, आपण काय केलं ते. हिरूला बोलावलं. तिसरं आवतण गेलं. आता ते मागे घेता येत नाही. हिरू येणार, हसत येणार, आणि विचारणार, माझी लेक कुठं हाय?

"चाचा," कमळ घाईने म्हणाली, "ती पोर कुठं राहते, काय बोलली कं तुमाला?"

"मला कशाला सांगेल? तुमच्याशीच बोलत होती." मग तो जरा हळू आवाजात म्हणाला, "उद्या अलिबागला म्हणाली होती. कोर्टाजवळ असेल कचेरी. विचारत गेलं तर सापडेल."

"सून नेईल कं मना?" कमळ स्वतःशीच म्हणाली. नेणार नाही, हे तिला माहीत होतं. बाबाजी सोनलच्या माहेरच्या नात्यातला होता.

मशीनने शिटी दिली. सोनल भाजीची पिशवी घेऊन आत आली. "झालं का आई? चला, आता ड्रायरला टाकू." तिने भाजीची पिशवी सासूच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवायला हात पुढे केला.

"नको," कमळ म्हणाली. तिने तिथली रिकामी पिशवीही उचलून आपल्या मांडीवर घेतली आणि पदराने खुर्ची पुसली.

"का? कोण बसलंय तिथं?"

अब्दुस्समदने सोनलच्या हातातून भाजीची पिशवी घेतली आणि स्वतःच्या पायाशी ठेवली. "राहू दे बेटा. माझ्याकडे राहू दे."

सोनल चादरी काढायला गेली. कमळने खुर्चीकडे तोंड वळवलं आणि अगदी हळू, कोणाला ऐकू जाणार नाही असं, म्हणाली, "बस गो हिरू. आता इथं होती ती."